वांग, काळे डाग आणि मेडिकलमधनं आणलेलं ते क्रीम : एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. ताई ३४ वर्षांच्या, कागल बाजूला शाळेत शिकवतात, रोज कोल्हापुरातनं टू-व्हीलरवरनं जाणं-येणं. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग, म्हणजे काळपट-तपकिरी चट्टे, आले. शेजारणीनं सांगितलेलं क्रीम मेडिकलमधनं आणून वर्षभर लावलं, पहिले दोन महिने चेहरा मस्त उजळला, आता क्रीम बंद केलं की चेहरा लाल होतो, आग होते, बारीक पुरळ उठतं आणि डाग आधीपेक्षा काळे दिसायला लागलेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. ओळखीतल्या एकीनं ट्रॅनेक्सॅमिकच्या गोळ्या घे म्हणून सांगितलंय, आणि एका ठिकाणी लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज घ्या म्हणतायत. पाच महिन्यांनी दिराचं लग्न आहे, तोवर चेहरा स्वच्छ होईल का, हा शेवटचा प्रश्न.

ताई, तुमच्या चेहऱ्यावर आत्ता दोन वेगवेगळे त्रास आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत. एक वांग, जे मुळात होतं. दुसरा त्या क्रीमनं केलेला. आधी क्रीमचा त्रास निस्तरायचा, वांगाला हात नंतर घालायचा, हा क्रम चुकला की कितीही महागडं औषध लावा चेहरा शांत होत नाही.

ती ट्यूब घरात असेल तर तिच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचा. बहुतेक करून हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं सापडतील. काहींच्या ट्यूबवर बेटामेथासोन असतं, काहींच्या क्लोबेटासॉल, काहींच्या फ्लुओसिनोलोन. ही शेवटची चारही नावं स्टिरॉइडची आहेत. तीन औषधं एकत्र करायची कल्पना काही वाईट नाही बरं का, १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन एकत्र करून वांगावर वापरलं आणि आजही त्याचंच सुधारलेलं रूप आम्ही वापरतो. त्यात स्टिरॉइडचं काम एवढंच की बाकी दोघांमुळं होणारी आग आणि लाली कमी ठेवायची. २००२ साली अमेरिकेत असं एक तिहेरी क्रीम मंजूर झालं ते सुद्धा थोड्या काळासाठी, साधारण आठ आठवडे, रात्री, फक्त डागावर आणि डॉक्टरच्या नजरेखाली. आपल्याकडं तेच क्रीम पूर्ण चेहऱ्याला, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, फेअरनेस क्रीम म्हणून लावलं जातं. २०१८ साली सरकारनं चेहऱ्या-अंगाला लावायची अशी बरीच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी मागितली की मिळतात हे तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही.

पहिले दोन महिने उजळल्यासारखं का झालं? स्टिरॉइडनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रंगपेशींचं काम दबतं, सगळा चेहरा फिकट आणि नितळ दिसतो. मग हळूहळू कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, पिंपल्स येतात, ऊन सहन होत नाही, आणि क्रीम सोडलं की दोन-चार दिवसात दाबून ठेवलेलं सगळं उफाळून येतं. ते बघून बाई घाबरून परत क्रीम लावते, बरं वाटतं, आणि मग सुटकाच नाही. आमच्या भाषेत याला टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस म्हणतात, आणि महाद्वार रोडवरच्या दुकानात काम करणाऱ्या पोरींपासून ते कॉलेजच्या प्राध्यापिकांपर्यंत सगळ्याजणी हा चेहरा घेऊन माझ्याकडं येतात. लग्न ठरायच्या आधी बघायच्या कार्यक्रमासाठी म्हणून आईनंच क्रीम आणून दिलेलं असतं, तेव्हा तर फार वाईट वाटतं. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध नसतं आणि लागतही नाही. आपण बोलतोय ते डागांबद्दल.

तर तुम्ही काय करायचं? क्रीम थांबवायचं हे नक्की, पण वर्षभर रोज लावलंय तर एका झटक्यात सोडून घरी सोसत बसू नका. स्किनच्या डॉक्टरला दाखवा, खाजगीत परवडत नसेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या, स्किन ओपीडीत जा, काही बिघडत नाही. कधी आम्ही सौम्य स्टिरॉइडवर आणून हळूहळू बंद करतो, कधी टॅक्रोलिमस सारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतो, पुरळ जास्त असेल तर काही दिवस डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. त्या काळात चेहऱ्याला तीनच गोष्टी, सौम्य फेसवॉश, साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सहा ते आठ आठवडे तरी व्हिटॅमिन सी नाही, सिरम नाही, स्क्रब नाही, पार्लरचं ब्लीच नाही. मधे एक आठवडा असा येईल की आरशात बघवणार नाही, तेव्हा परत त्या ट्यूबकडं हात जाऊ देऊ नका, तो आठवडा जातो.

आता वांगाकडं येऊ. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाला मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात, त्या मेलॅनिन तयार करून आजूबाजूच्या पेशींना वाटतात. गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते, फरक असतो तो त्या किती रंग बनवतात यात. टायरोसिनेज नावाचं एन्झाइम हा रंग बनवायचं मुख्य काम करतं आणि आमची बरीचशी औषधं त्यालाच अडवतात. वांगात गालावरच्या, कपाळावरच्या, ओठावरच्या या पेशी उगाचच चेकाळलेल्या असतात. चेकाळवतं कोण, तर ऊन, हॉर्मोन्स आणि घराण्यातला कल. आई-मावशीला असेल तर तुम्हाला यायची शक्यता जास्त. गरोदरपणात येतं, काहींचं बाळंतपणानंतर वर्षभरात आपोआप फिकट होतं, काहींचं राहतं. आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी राहतं, वाढतं. तुमच्या प्रश्नातलं हे एक वाक्य तुम्ही सहज लिहिलंय पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा की हॉर्मोनच्या गोळ्यांऐवजी कॉपर-टी सारखं बिनहॉर्मोनचं काही चालेल का. स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करू नका, पण विचारा नक्की, नाहीतर वरनं आपण औषध लावत राहणार आणि आतनं वांग पोसलं जाणार.

याच गोळ्यांमुळं ट्रॅनेक्सॅमिकबद्दल पण स्पष्ट सांगते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध, जपानमध्ये १९७९ मध्ये वांगावर त्याचा उपयोग पहिल्यांदा नोंदला गेला, आणि आज अवघड वांगात २५० मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा असं काही महिने आम्ही देतो, गुण येतो सुद्धा. पण ते रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका आधीच थोडा वाढलेला असतो. दोन्ही एकत्र घ्यायचं नाही, अजिबात नाही. पायात गुठळी झालेली असेल, घरात कुणाला तरुणपणी स्ट्रोक किंवा हार्टचा त्रास झाला असेल, सिगारेट असेल, वारंवार गर्भपात झालेले असतील, तर हे आधी डॉक्टरला सांगायचं. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातल्या चार गोळ्या घ्यायच्या, असलं औषध हे नव्हे.

वांग कायमचं जातं का, हे प्रत्येकजण विचारतं. वांग हे ब्लडप्रेशर सारखं आहे, ताब्यात राहतं, छान राहतं, पण लक्ष काढलं की परत डोकं वर काढतं. म्हणून जो कुणी कायमचं घालवतो म्हणून पैसे मागेल त्याच्यापासून लांब राहा.

सगळ्यात जास्त फरक कशानं पडतो म्हणाल तर सनस्क्रीननं. आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं तेही सनस्क्रीनच. एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए पुढं तीन तरी प्लस, एवढं बघून घ्या, कंपनी कुठलीही चालते. पण किती लावायचं? पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्हीवर मुळापासनं टोकापर्यंत पट्टी ओढायची, तेवढं चेहरा आणि मानेला मिळून लागतं. साधारण एक ग्रॅम होतं. दिवसातनं दोनदा म्हटलं तर ५० ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसात संपायला पाहिजे. ज्यांची ट्यूब गणपतीला आणलेली शिमग्यापर्यंत पुरते त्यांनी सनस्क्रीन लावलेलंच नाही असं समजा. तुमचं सकाळी निघताना एकदा आणि शाळेतनं परत यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं एकदा, एवढं तरी झालंच पाहिजे, स्पोर्ट्स डे असेल, सहल असेल तर दर दोन तासांनी.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहिती असते. सावळ्या कातडीला नुसते अल्ट्राव्हायोलेट किरणच नाही, तर डोळ्याला दिसणारा सूर्यप्रकाश, त्यातला निळा-जांभळा भाग, तो सुद्धा काळा करतो आणि तो काळेपणा बरेच दिवस टिकतो. साधं पांढरं, लावल्यावर न दिसणारं सनस्क्रीन हा प्रकाश नीट अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन घ्या. वांगाच्या पेशंटला मी नेहमी टिंटेडच सांगते. वर स्कार्फ बांधताच तुम्ही, चांगलंच आहे, पण झिरझिरीत जॉर्जेटचा नको, घट्ट विणीचा गडद रंगाचा कॉटनचा बांधा, आणि स्कार्फ आहे म्हणून सनस्क्रीनला सुट्टी देऊ नका. आपल्याकडं जून लागला की चार महिने ऊनच दिसत नाही म्हणून सगळ्याजणी बंद करतात, पण यूव्हीए किरण ढगातनंही येतात आणि काचेतनंही येतात, वर्गात खिडकीजवळ खुर्ची असेल तर जागा बदला.

उष्णता हा पण विषय आहे. गुऱ्हाळावर चुलाणापुढं काम करणाऱ्या, शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीजवळ उभे राहणारे, शंभर-दीडशे भाकरी थापणाऱ्या खानावळीतल्या बायका, यांचं वांग औषधाला दाद देत नाही असं मी बघत आलीय. सगळ्यांना काम सोडता येत नाही हे कळतं मला. पण मधेमधे बाजूला होऊन गार पाण्याचा हबका मारणं, पंखा तोंडावर येईल असा ठेवणं, एवढं जमतं. तुमच्या बाबतीत स्वयंपाकघरापेक्षा रस्त्यावरचं ऊन मोठं आहे, तिकडं लक्ष द्या.

चेहरा शांत झाला की मग डागांची औषधं. सुरुवातीला मी तुम्हाला ॲझेलेइक ॲसिड सुचवेन, १५ ते २० टक्के, स्टिरॉइडनं नाजूक झालेल्या, पुरळ येणाऱ्या चेहऱ्याला ते बऱ्यापैकी सोसतं आणि गरोदरपणातही चालतं. सुरुवातीला खाजतं, टोचतं, म्हणून आधी मॉइश्चरायझर आणि वर हे, एक दिवसाआड. जोडीला नायसिनामाइड ४-५ टक्के, ते रंग पुढच्या पेशींना पोचवायचं काम कमी करतं. कोजिक ॲसिड वगैरे आहेत, चालतात, जादू नाही. हायड्रोक्विनोन हे अजूनही सगळ्यात ताकदीचं औषध आहे पण ते रात्री, फक्त डागावर, दोन-तीन महिने आणि मग सुट्टी. वर्षानुवर्षं लावलं तर ओक्रोनोसिस होतो, म्हणजे गालावर निळसर-काळे बारीक ठिपके, आणि ते घालवणं वांगापेक्षा दसपट अवघड. गरोदर असाल किंवा दूध पाजत असाल तर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन दोन्ही नको.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. कातडीचा वरचा थर बदलायलाच महिना-सव्वा महिना लागतो. रंग वरच्या थरात असेल तर लवकर जातो, खालच्या थरात उतरलेला असेल तर सहा महिने, वर्ष, आणि आपल्या लोकांत बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं. आम्ही डर्मोस्कोपनं, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं, बघतो ते यासाठीच.

लेझरच्या पॅकेजबद्दल : आत्ता नाही. स्टिरॉइडनं पातळ झालेल्या, लाल चेहऱ्यावर लेझर मारणं म्हणजे नवीन डाग ओढवून घेणं. एरवी सुद्धा वांगात लेझर हा पहिला उपाय नाही. १०६४ नॅनोमीटरचं क्यू-स्विच्ड लेझर कमी ताकदीवर वापरतात, त्यानं काही दिवस उजळतं, पण काही महिन्यात परत येणं फार कॉमन आहे, आणि जास्त सिटिंग झाली की पांढरे ठिपके पडतात ते वेगळंच. पिलिंगचा, म्हणजे सौम्य ॲसिड लावून कातडीचा अगदी वरचा थर काढण्याचा, त्यापेक्षा चांगला उपयोग होतो, ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक ॲसिडचं, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, आधी घरची औषधं लावून कातडी तयार केल्यावर. (ग्लायकोलिक ॲसिड उसातही असतं हे वाचून एक पेशंट खरोखर रोज चेहऱ्याला उसाचा रस लावत होत्या. मुंग्या येतील, डाग नाही जाणार.)

घरगुती उपायांचं विचारलं नाहीत पण विचाराल. लिंबू लावू नका. लिंबात फ्युरोकुमारिन नावाचे पदार्थ असतात, रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि काळे ओघळ उठतात ते महिनोन्महिने राहतात. सोडा, टूथपेस्ट, तेही नको. डाळीचं पीठ आणि दही हलक्या हातानं लावलं तर नुकसान नाही, मात्र रगडायचं नाही. रगडणं हेच आपल्याकडं कितीतरी डागांचं मूळ आहे. पाठीवर, दंडावर जाळीदार काळपटपणा घेऊन येणाऱ्या बायका जास्त करून नायलॉनच्या घासणीनं अंग घासणाऱ्या असतात, आणि डाग मळ आहे असं समजून अजून घासतात, तो अजून काळा होतो.

सगळे काळे डाग वांग नसतात हे पण लक्षात घ्या, तुमच्या घरातल्या बाकीच्यांसाठी उपयोगी पडेल. कपाळाच्या कडेला, कानापुढं, मानेवर राखाडी-निळसर रंग चढत चाललाय आणि केसांना डाय किंवा पाकिटातली काळी मेंदी लागते, तर त्यातलं पीपीडी केमिकल कारण असू शकतं, पहिल्यांदा डाय थांबवा. कपाळाच्या मधोमध कुंकवाच्या जागी काळं झालं तर कुंकवातल्या रंगाची ॲलर्जी, आणि त्याच जागी पांढरं झालं तर टिकलीच्या गोंदातलं केमिकल. मान आणि काखा काळ्या, जाड, मखमली झाल्या तर घासून काही होणार नाही, साखर तपासा, वजन बघा, मुलींमध्ये पाळी अनियमित असेल तर पीसीओडी बघा. बोटांच्या सांध्यांवर काळेपणा असेल तर बी-१२ तपासायला सांगते मी, कमी निघालं तर इंजेक्शन-गोळ्यांनी काही महिन्यात तो छान जातो. चिकनगुनिया होऊन गेल्यावर नाकावर काळं पडतं, ते घाबरण्यासारखं नाही, हळूहळू जातं. पिंपल्स फोडून झालेले डाग वेगळे, तिथं आधी पिंपल्स थांबवायचे, नाहीतर जुना डाग जाईपर्यंत चार नवे. आणि हिरड्या, तळहाताच्या रेषा काळ्या पडतायत, वजन उतरतंय, उठल्यावर चक्कर येतीय, तर ते स्किनचं नाही, फिजिशियनला दाखवा, ॲड्रिनल ग्रंथीचा त्रास असू शकतो. एखादा तीळ पटापट वाढतोय, त्यातनं रक्त येतंय, किंवा तळपायाला नवीन काळा डाग आलाय, तर थांबू नका.

लेबल नसलेली, डबीतली, कुणीतरी बाहेरनं आणलेली गोरं करायची क्रीम तर घरात ठेवू नका. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरममध्ये अशी क्रीम लावणाऱ्यांच्या किडनीवर परिणाम झालेले पेशंट सापडले, कारण त्यात पारा होता. ग्लुटाथिओनची गोरं व्हायची इंजेक्शनं पण नको, त्यांना त्या कामासाठी मान्यता नाही.

आता लग्न. पाच महिने हातात आहेत, चांगला वेळ आहे. पहिले दोन महिने चेहरा शांत करण्यात जातील असं धरा, पुढचे तीन डागांवर. लग्नापर्यंत लाली-आग गेलेली असेल आणि वांग बरंच फिकट झालेलं असेल ही अपेक्षा ठेवा, पूर्ण साफ ही ठेवू नका. लग्नाच्या आधी तीन आठवडे काहीही नवीन करायचं नाही, ना पिलिंग ना ब्लीच ना गोल्ड फेशियल, नणंदेनं कितीही आग्रह केला तरी. हळदीला चेहऱ्याला सनस्क्रीन लावूनच बसा आणि हळद रगडून काढू नका, आधी पाण्यानं भिजवा मग मऊ कापडानं टिपा. राहिलेल्या डागांवर पीच किंवा नारिंगी छटेचं कन्सीलर आणि वर टिंटेड सनस्क्रीन, फोटोत काही दिसत नाही. रात्री मेकअप काढून मॉइश्चरायझर लावून झोपा.

दाखवायला येताना ती जुनी ट्यूब, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि बाळंतपणाच्या आधीचा, फिल्टर न लावलेला एखादा फोटो सोबत आणा.